चौकोनांची हजेरी

बाई आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी कुणाला गुड मॉर्निंग वगैरे काही म्हटलं नाही. दारात उभ्या राहिल्या, समोर बसलेल्या प्रसादकडे बोट केलं आणि विचारलं, “आहेस का?”

प्रसाद म्हणाला, “म्हणजे काय? दिसतोय ना!”

“दिसतोस का ते मी विचारलं नाही. आहेस का ते विचारलं.”

बिचारा शेवटी “आहे” म्हणाला, तेव्हा कुठे बाईंचं बोट माझ्याकडे वळलं. मी मुळातच चिडकी, हे आधीच सांगून टाकते. मी “आहे” म्हटलं खरं, पण मनात म्हटलं, आली बाबा आणखी एक डोकं खायला! तेव्हा कुठे ठाऊक होतं की ह्याच बाईसाठी मी पुढे भर दुपारी रिक्षात बसून रिक्षावाल्याशी भांडणार आहे, “अरे दादा, उडव ना जरा!” म्हणून.

आमचं ऑफिस विक्रोळीला, एका जुन्या कारखान्याच्या आवारातल्या गाळ्यात. काम काय, तर नकाशे काढायचे. आग लागली, धूर झाला तर कुठून बाहेर पडायचं ते सांगणारे. हॉस्पिटलात, मॉलमध्ये लिफ्टशेजारी लावलेले असतात बघा, लाल ठिपका आणि ‘तुम्ही इथे आहात’, आणि मग हिरवे बाण. ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, ते. महागडं सॉफ्टवेअर सरांना परवडत नव्हतं, म्हणून फुकटच्या ऑफिस सॉफ्टवेअरमध्येच आम्ही भिंती ओढायचो, दारं काढायचो, जिने काढायचो. चौकोन, रेघ, गोल, बाण. झालं ऑफिस आमचं! बाई भांडुपच्या एका शाळेत वर्षानुवर्षं भूमिती शिकवून, मुदतीआधीच निवृत्त होऊन आल्या होत्या. सरांनी त्यांना नकाशे तपासायला ठेवलं. उंच, सडपातळ, मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ, आणि डब्यात सुक्या बोंबलाची चटणी. डबा उघडला की अख्ख्या मजल्याला कळायचं. कुणी नाक धरलं की म्हणायच्या, “उघड्यावर खाते. झाकून काही करत नाही मी.”

आम्हाला वाटलं होतं, तपासणार म्हणजे प्रिंट काढून, चष्मा लावून बघणार आणि लाल पेनाने गोल करणार. छे! बाईंनी प्रिंटकडे बघितलंसुद्धा नाही. महिनाभर एका कोपऱ्यात बसून काहीतरी टकटक करत राहिल्या आणि एक दिवस उभ्या राहून जाहीर केलं, “मी हजेरी लिहिली आहे.”

हजेरी म्हणजे मॅक्रो. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात आपण स्वतः छोटासा प्रोग्रॅम लिहून ठेवू शकतो, हे तिथे इतकी वर्षं घासूनसुद्धा आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. बाईंनी लिहिलेला मॅक्रो नकाशातल्या एकेका आकाराकडे जायचा आणि त्याला विचारायचा. तुझं नाव काय? तू चौकोन की रेघ? पानाच्या डावीकडून किती अंतरावर उभा आहेस, वरून किती? रुंदी किती, उंची किती? रंग कुठला? तुझ्या अंगावर कोण बसलंय? आणि सगळी उत्तरं शेजारच्या तक्त्यात ओळीने येऊन पडायची, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘आहे’. मापं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात! माझी एक भिंत डोळ्याला सरळ दिसत होती, प्रिंटमध्ये सरळ दिसत होती, सरांनाही सरळ दिसत होती. हजेरीने सांगितलं, तिरकी आहे. केसभर, पण तिरकी. बाईंना इतका आनंद झाला की त्या टाळ्या वाजवत माझ्या टेबलापाशी आल्या. “बघ गो, बघ! तू खोटं बोललीस, मी खोटं बोलले, कागद खोटं बोलला. चौकोन नाही बोलला!” मला इतका राग आला होता म्हणून सांगू. पण त्या बाईचा चेहरा असा काही फुललेला होता की मला हसूच फुटलं.

पहिल्या दिवशी मात्र हजेरी तोंडावर आपटली होती. चार-सहा चौकोन सुखरूप पार पडले आणि पुढे एक रेघ आली. मॅक्रोने तिला विचारलं, तुझ्या पोटात भरलेला रंग कुठला? आता रेघेला पोटच नाही, ती काय सांगणार? मॅक्रो तिथेच ठप्प, पडद्यावर एरर. आम्ही खुसखुसलो. बाई अख्खी दुपार त्या रेघेकडे बघत बसल्या आणि संध्याकाळी आम्हाला सांगितलं, “चूक रेघेची नाही, माझी आहे. आधी विचारायचं, तुझ्याकडे आहे का? आहे म्हणाली तरच मागायचं.”

मॅक्रो दुरुस्त झाला, पण तो नियम बाईंनी माणसांनाही लावला! भाजीवाल्याला विचारणार, “कोथिंबीर आहे? ताजी आहे? मला द्यायची आहे?” तिन्ही ‘हो’ आले की मगच पिशवी उघडणार. सरांच्या केबिनच्या दारात उभ्या राहून, “सर, तुमच्याकडे आत्ता राग आहे का? नाही ना? मग येते आत.” एकदा सर म्हणाले, “आहे राग.” बाई “ठीक” म्हणून परत आल्या आणि जेवून घेतलं. सरच मग मागून आले, काय काम होतं ते विचारत.

आणि नावं! त्या सॉफ्टवेअरमध्ये आकाराला नाव देता येतं. कोण देतो? आम्ही कशाला देऊ? हजेरीत रांगेने ‘नाव: नाही, नाव: नाही’ असं यायला लागलं तशा बाई कासावीस झाल्या. “ही सगळी बिननावाची पोरं कुणाची आहेत?” म्हणत त्या स्वतःच नावं ठेवायला बसल्या, आणि नावं कुठली, तर शाळेतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांची! लांबलचक पॅसेजला ‘सावंत’. जागेवर न राहणाऱ्या बाणाला ‘गवस’. जिन्याला ‘परब’, कारण परब म्हणे वर्गात सारखा वर-खाली करायचा. घाटकोपरच्या एका मॉलला आम्ही फाइल पाठवली, तर तिथल्या मॅनेजरचा फोन आला. “मॅडम, हमारे जिने का नाम परब क्यों है?” मी फोन बाईंच्या हातात दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमच्याकडे दुसरं चांगलं नाव आहे का?” त्याच्याकडे नव्हतं. त्या मॉलचा जिना आजही परबच आहे.

एका गोष्टीवरून मात्र बाईंचं आणि आमचं रोज वाजायचं. आम्ही त्याला चादर म्हणायचो. नकाशातली एखादी गोष्ट नको झाली की ती पुसायची नाही. तिच्यावर पांढरा चौकोन टाकायचा, कडेची रेघ काढून टाकायची, झालं गायब. ह्यामागे इतिहास होता. कधीतरी प्रसादने एका मोठ्या अहवालातून एक चित्र डिलीट केलं आणि पुढच्या सगळ्या पानांची अशी वाट लागली की चित्रं एकीकडे, मजकूर दुसरीकडे. तेव्हापासून आमच्या ऑफिसात डिलीटचं बटण म्हणजे अपशकुन. “हलेल ना सगळं! चादर टाक,” असं एकमेकांना सांगायचो. नकाशात असं काही हलत नाही हे बाई कंठशोष करून सांगायच्या. कोण ऐकतंय? हजेरीत पांढरे चौकोन निघाले की बाई एकेकाच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहायच्या. “मेलेल्यावर घालतात चादर. आत कोण आहे ते आधी सांग.”

माझी लेक मनू तेव्हा तीन वर्षांची होती. आम्ही राहायला मुलुंडला. नवऱ्याची शिफ्टची नोकरी, सासूबाई गावाला, त्यामुळे मनू दिवसभर नंदामावशींच्या पाळणाघरात. नंदामावशी म्हणजे आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर पाळणाघर चालवणारी बाई, आणि माझ्या नोकरीचा कणा. त्या एकदा लग्नाला गेल्या म्हणून पाळणाघर बंद होतं, तर मी मनूला ऑफिसात घेऊन आले. मनू बाईंच्या टेबलाखाली शिरली आणि माझी ओढणी डोक्यावर घेऊन बसली. तिचं तेव्हा एकच वेड होतं, बुवा कुक. तोंडावर टॉवेल, ओढणी, मिळेल ते घ्यायचं, “बुवाऽऽ” म्हणायचं आणि झटकन काढून “कुक!”

बाईंनी खाली वाकून सवयीने विचारलं, “आहेस का?”

ओढणीच्या आतून आवाज आला, “नाही!”

बाई चक्क चष्मा काढून पुसायला लागल्या. आजवर कुणी ‘नाही’ म्हणालंच नव्हतं. मग मला म्हणाल्या, “नाही म्हणायला तरी कोणीतरी लागतंच. म्हणजे आहे.” मनू बाहेर आली आणि बाईंच्या मांडीवर चढून हट्ट धरून बसली, “तू पण म्हण ना, कुक!” बाईंनी तिला अलगद खाली ठेवलं. “मी हजेरी घेते. मी खेळत नाही.” मनू भोकाड पसरून रडली आणि मी बाईंशी दिवसभर बोलले नाही.

आणि मग ती आपत्ती आली. नंदामावशींच्या पाळणाघराला तपासणीला साहेब येऊन गेले आणि म्हणाले, इतकी लहान मुलं, वरचा मजला, आणि बाहेर पडायला एकच दार? दुसरी वाट दाखवा, तसा नकाशा लावा. मी गुरुवारी परत येतो. दुसरी वाट नसेल तर पाळणाघर बंद.

नंदामावशींनी मला फोन केला तो रडतच. मीच म्हटलं, काळजी करू नका, नकाशा आमचं ऑफिस काढेल. पण दुसरी वाट कुठून काढणार? मी त्या खोल्यांत रोज सकाळ-संध्याकाळ जाते. एक दार, एक जिना, बाकी तिन्ही बाजूंना भिंती. मी तर हादरलेच. पाळणाघर गेलं की मनूला कुठे ठेवू? दुसरं धड पाळणाघर जवळपास नव्हतं. म्हणजे नोकरी सोडायची, दुसरं काय! आणि माझ्यासारख्या तिथे आणखीही आया होत्या. कुणी नर्स, कुणी बँकेत, कुणी पोळ्या लाटायला जाणारी. सगळ्यांचे फोन मला. “तुमचंच ऑफिस ना? करा ना काहीतरी!”

इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मजल्याचा जुना नकाशा व्हॉट्सअॅपवर पाठवला. पाळणाघराच्या आधी तिथे कोचिंग क्लास होता, त्यांनी कधीतरी काढून घेतलेली फाइल. नशिबाने आमच्याच सॉफ्टवेअरमधली. मी प्रिंट काढली. तेच, एक दार आणि भिंती.

बुधवारी सकाळी सर म्हणाले, “एक काम कर. पूर्वेची खिडकी मोठी आहे ना? तिला बाहेरून शिडी लावू म्हणावं. खिडकीत हिरवा बाण टाक.” सर वाईट माणूस नाही हो, माझ्यासाठीच जीव तुटत होता त्यांचा. मी बाण टाकला आणि फाइल बाईंकडे पाठवली. बाईंनी ती परत पाठवली. मी पुन्हा पाठवली. पुन्हा परत! मी तरातरा त्यांच्या टेबलापाशी गेले.

“पास का नाही करत?”

“तीन वर्षांची पोरं खिडकीतून उतरणार? पोपट आहेत काय?”

“बाई, उद्या साहेब येणार आहेत! पाळणाघर बंद होईल! माझी नोकरी जाईल!” माझा आवाज एवढा चढला की पलीकडच्या गाळ्यातले लोक दारात आले. “तुमचं काय जातंय? तुमचं कोण आहे तिथे?”

“तुझी मनू आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच नाही टाकणार. धूर झाला तर ती बाण बघून खिडकीकडे पळेल. आणि शिडी?”

मला रडूच फुटलं. रागाचं की कशाचं, देव जाणे. बाईंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि विचारलं, “मूळ फाइल तुझ्याकडे आहे का? क्लासवाल्यांची?”

“आहे.”

“तिची हजेरी घेतलीस का?”

कशाला घेऊ? डोळ्यांनी बघितलं ना! पण फाइल दिली. बाईंनी हजेरी सोडली. तक्ता भरभर भरत गेला, ‘नाव: नाही, चौकोन, आहे. नाव: नाही, रेघ, आहे.’ बाईंचं बोट ओळींवरून खाली उतरत होतं आणि एका ओळीवर थांबलं. चौकोन. रंग पांढरा. कडेची रेघ नाही. उभा कुठे, तर बरोबर उत्तरेच्या भिंतीवर.

“चादर!” प्रसाद माझ्या मागून ओरडला.

“ह्याच्याखाली कोण आहे?” बाईंनी तक्त्यात शोधलं. त्या जागी, त्याच्याखाली एकच ओळ. ‘ग्रुप. आहे.’ बस, एवढंच. म्हणजे बरेच आकार एकत्र बांधलेले, आणि हजेरीने गठ्ठ्याला विचारलं होतं, गठ्ठ्याच्या आतल्यांना नाही. बाईंनी कपाळावर हात मारला. “एवढी वर्षं शिकवलं गो मी! वर्गाच्या दारात उभं राहून ‘आहात का’ विचारलं आणि वर्गाने ‘आहे’ सांगितलं, ही काय हजेरी झाली? आत जायला नको?”

आणि बसल्या की टायपायला! बोटं अशी चालत होती की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला तरी भान नाही. प्रसादला राहवेना. “अहो बाई, मॅक्रो कशाला? तो पांढरा चौकोन उचला ना बाजूला सरळ, दिसेल खाली काय आहे ते!” मी तर माउसला हात घातलाच. बाईंनी फाटकन माझ्या हातावर चापट मारली.

“हात लावू नको! तुम्हाला सगळं बघायचं असतं. आधी विचारू दे मला.”

दुसऱ्यांदा हजेरी सुटली. ह्या वेळी ती ग्रुपच्या आत शिरली. एक रेघ, आहे. एक पाव वर्तुळ, आहे. मग रेघा, रेघा, रेघा, सगळ्या सारख्या लांबीच्या, एकाखाली एक, सगळ्यांमध्ये सारखं अंतर. बाईंनी ड्रॉवरमधून कंपास काढला, खरा कंपासपेटीतला, आणि आकडे बघून कागदावर काढायला लागल्या. आम्ही सगळे टेबलाभोवती. सरसुद्धा केबिनमधून बाहेर आलेले. भिंतीत एक तुटक जागा. तिथून निघालेली रेघ. तिच्या टोकापासून पाव वर्तुळ. नकाशात दार असंच काढतात, हे आमच्याकडे चहा आणणाऱ्यालाही माहीत! आणि त्याच्यामागे त्या सारख्या अंतरावरच्या रेघा.

“पायऱ्या!” मी किंचाळले. “बाई, ह्या पायऱ्या आहेत!”

“दार असा गो!” बाई उठून उभ्याच राहिल्या. आनंद झाला की त्यांच्या तोंडून मालवणी निघायची. “दार असा, जिनो असा! माका दिसता!”

सर म्हणाले, “चला, मग ती चादर काढा आणि नकाशा द्या!” बाईंनी मान हलवली. नकाशात दार आहे म्हणून भिंतीत दार असतंच असं नाही, भिंतीला जाऊन विचारायला हवं, म्हणाल्या. चप्पल अडकवून त्या निघाल्यासुद्धा. मी मागे धावले, प्रसाद माझ्या मागे. एल. बी. एस. रोडला हे ट्रॅफिक! रिक्षा भांडुपच्या अलीकडे अडकली. मी रिक्षावाल्याचं डोकं खाल्लं, बाईंनी मांडीवर कागद पसरून पुन्हा एकदा पायऱ्या तपासल्या, आणि प्रसाद मधेच बसून म्हणत राहिला, “असेल ना? असेल ना यार?”

नंदामावशींनी दार उघडलं तर आत मुलं नुकती खाऊ खाऊन बसलेली. बाई सरळ उत्तरेच्या भिंतीकडे गेल्या. तिथे खेळण्यांचं उंच कपाट, आणि कपाटाच्या दोन्ही बाजूंना नंदामावशींनी स्वतः रंगवलेले हत्ती.

“इथे दार आहे,” बाई म्हणाल्या.

“अहो, भिंत आहे ती! मी इतकी वर्षं इथे आहे, मला नाही माहीत?”

बाईंनी हत्तीच्या पोटावर टकटक केलं. भरीव भिंतीवरून हात सरकवत कपाटाजवळ आणला आणि पुन्हा टकटक. आवाज बदलला! पोकळ! प्रसादने आणि मी कपाट ओढलं. बाहुल्या, ठोकळे, सगळं खाली. मागे प्लायवूड. एवढ्यात आवाज ऐकून खालून सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, सत्तरीचे गृहस्थ, हातात पेपर.

“काय चाललंय काय?”

“ह्याच्यामागे दार आहे का?” बाईंनी विचारलं.

“आहे की,” सेक्रेटरी म्हणाले. “मागचा जिना. क्लासवाल्यांनी बंद करून टाकलं. पोरं मागच्या मागे पळायची सिनेमाला!”

नंदामावशी तर मटकन खालीच बसल्या. माझ्या डोक्याची शीर तडकली. “काका! आम्ही आठवडाभर मरतोय इथे! सांगितलं का नाही?”

काकांना खरंच आश्चर्य वाटलं. “मला कुणी विचारलंच नाही. नकाशा मागितलात, नकाशा दिला.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. तो चेहरा! अख्खी भूमिती जिंकल्याचा चेहरा! मी हात जोडले.

प्लाय काढायला प्रसादने शेजारच्या सुताराला आणलं. आत खरोखर दार होतं, जुनं हिरवं. पण कडी इतकी गंजलेली की हलेना. सुतार म्हणाला हातोडा मारतो, बाई म्हणाल्या थांब. “नंदाताई, खोबरेल आहे का?” पाळणाघरात खोबरेल नसून कसं चालेल, मुलांच्या डोक्याला लागतंच. बाईंनी कडीला तेल चोळलं, मग पदराने धरून हळूहळू हलवली. सगळी मुलं चटईवर तोंडं उघडी ठेवून बसलेली. कडी करकरली, सरकली, आणि दार उघडलं. भसकन उजेड, दोन कबुतरं फडफडली, आणि समोर जिना! खाली मागच्या गल्लीत उतरणारा, अस्सल, दगडी!

“कुक!” मनू ओरडली.

मग काय, सगळ्या मुलांनी “कुक! कुक!” करून खोली डोक्यावर घेतली. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नंदामावशींनी बाईंना त्यांच्या तेलकट हातांसकट मिठी मारली. बाई तेवढ्या ताठच्या ताठ उभ्या. मनूने त्यांचा पदर ओढला, “तू पण म्हण!” बाई म्हणाल्या, “नंतर.” आणि जिन्याच्या पायऱ्या मोजायला गेल्या.

जिन्यावर सोसायटीने जगातलं सामान भरलेलं. फुटक्या कुंड्या, चाक नसलेली सायकल, जुन्या गणपतीचं मखर. संध्याकाळी आया आल्या त्या पर्स खांद्याला तशाच ठेवून कुंड्या उचलायला लागल्या. सेक्रेटरीकाकांनी स्वतः झाडू घेतला. दिवेलागणीला जिना मोकळा.

गुरुवारी साहेब आले. दाराची रुंदी मोजली, जिना उतरून बघितला आणि म्हणाले, मुलांना नेऊन दाखवा. नंदामावशी पुढे, मुलं एकमेकांचे कपडे धरून मागे, सगळ्यात शेवटी मनू बाईंचं बोट धरून. धक्काबुक्की नाही, रडारड नाही, सगळी मुलं खाली गल्लीत उभी. साहेब हसले. “झकास! आता नकाशात हे दार दाखवून आजच लावा, मी संध्याकाळी येऊन सही करतो.”

बाई आता देवगडकडे गावी राहतात. फोनवर सांगतात, सध्या कलमांची हजेरी घेतेय, झाडांनाही नावं ठेवलीत. कुठल्याशा आंब्याला माझंही नाव आहे, चिडका आहे म्हणे, उशिरा पिकतो. असू दे. पण बाई म्हटलं की मला आठवते ती गुरुवारची दुपार.

आम्ही मुलुंडहून धावतपळत ऑफिसात आलो. बाईंनी मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. मूळ फाइल उघडली. पडद्यावर अजूनही उत्तरेची भिंत तशीच, कोरी. “आधी नाव दे त्याला,” बाई म्हणाल्या. चादरीखालचा ग्रुप मी यादीतून निवडला.

“काय देऊ? गवस?”

“मनू दे. नाही नाही म्हणत होती, पण होती.”

मी ‘मनू’ टाइप केलं. बाईंनी हजेरी सोडली आणि तक्त्यात ओळ आली, ‘नाव: मनू. ग्रुप. आहे.’

“आता चादर काढ.”

मी पांढऱ्या चौकोनावर क्लिक केलं. प्रसाद पुटपुटला, “सगळं हललं तर?” सर केबिनच्या दारात उभे, पलीकडच्या गाळ्यातलेही आलेले. प्रसादच्या त्या अहवालानंतर ह्या ऑफिसात कुणी डिलीटचं बटण दाबलं नव्हतं. माझं बोट बटणावर अडलं.

“दाब गो,” बाई म्हणाल्या.

मी दाबलं. काही हललं नाही. एक रेघसुद्धा नाही. फक्त भिंतीत दार आलं, दारामागे जिना आला. आणि तेवढ्यात माझ्या मागून, अख्खा वर्ग गप्प करणाऱ्या त्या खणखणीत आवाजात, बाई ओरडल्या:

“कुक!”